काठावरचा पांढरा ठिपका

१९ सप्टेंबर

काचेला ठिपका दिला नाही!

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. आधी हे लिहून टाकतो. नाहीतर उद्या मीच स्वतःला पटवीन की दिला होता.

चामोर्शीचे डोमाजी आले होते. पहिल्याच बसने. बहात्तर-त्र्याहत्तरचे असतील. धोतर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बगलेत रेक्झिनची पिशवी. अब्बांच्या वेळचं गिऱ्हाईक. एके काळी चामोर्शीच्या आसपासचं प्रत्येक लग्न यांनीच काढलेलं, शाळांचे ग्रुप फोटो यांचेच. मोबाईल आले आणि सगळं गेलं. आता एकच काम उरलंय — फ्रेमीचा फोटो. म्हातारी माणसं स्वतःच बोलावतात. नवं लुगडं, नवी टोपी, नातवंडांना बाजूला सारून एकटी खुर्चीवर बसतात. आपण गेल्यावर भिंतीवर लागणारा फोटो! तो मात्र मोबाईलचा चालत नाही. डोमाजीचाच लागतो.

पिशवीत तोच जुना १३५चा लेन्स. हाताने फोकस करायचा. मुलाने दिलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर डोमाजी अजून तोच बसवतात. "नवा लेन्स आपल्या मनानंच फोकस करते जी. मंग मी कायले पाह्यजे?"

फोटो धुकट येत होते. टॉर्च मारला. पुढून दुसऱ्या काचेवर बुरशी — झाडाच्या मुळांसारखी, बारीक, पसरलेली. पावसाळाभर लेन्स चामड्याच्या केसात, केस लोखंडी पेटीत, पेटी धानाच्या ढोलीला टेकून. आणखी काय होणार!

असा लेन्स मी चार दिवस ठेवून घेतो. डोमाजी ऐकेनात. "एका बाईचा फोटो हाय मंगळवारी. बिमार हाय ते. थांबते का?" म्हणून त्यांच्यासमोरच खोलला.

काच बाहेर काढली की बाकी काही करायच्या आधी तिच्या काठावर पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा — ही अब्बांची पद्धत. पाटी रंगवणाऱ्याकडचा रंग, सुईच्या टोकावर घेऊन. "काच को मुँह नहीं होता. तू दे." मी ब्रश शोधत होतो आणि डोमाजी म्हणाले, "पाहू जी मले, कशी असते बुरशी." मी काच त्यांच्या हातात दिली. ठिपक्याआधी!

त्यांनी ती दाराच्या उजेडात धरली. "कुठी हाय जी? मले तं काच सफा दिसते."

"तिरपी धरा."

"धरली ना. नाई बापा. तुमा लोकाइले जे दिसते ते आमाले काऊन दिसन?"

हसलो आम्ही दोघं. तोवर त्यांनी ती तीनदा उलटसुलट केली होती.

ती काच दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच फुगीर. अमोनिया-पेरॉक्साइडने पुसली, कोटिंग वाचलं होतं, छान निघाली. आणि बसवताना हात थांबला. कोणती बाजू पुढे? बोटाने चाचपलं. वाटलं ही. बसवली.

नंतर तपासायला हवं होतं. समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्र लावून कॅमेऱ्यातून वाचायचं, तेही अब्बांचंच. डोमाजींची बस चारला. पावणेचार झाले होते. मी लेन्स कापडात गुंडाळून दिला.

जाताना माझा हात धरून म्हणाले, "तुह्या अब्बाचा हात आला तुह्या हातात."

जेवण गेलं नाही.


२० सप्टेंबर

फोन करावा. "डोमाजी, लेन्स परत पाठवा, एकदा तपासायचा राहिला." एवढंच वाक्य. त्यात लाज कसली?

नमाजहून आल्यावर करू म्हटलं. आल्यावर गिऱ्हाईक होतं. मग सहा वाजले. मग सातला वाटलं, कदाचित बरोबरच बसली असेल. दोनच तर शक्यता. उगाच म्हाताऱ्याला हेलपाटा कशाला?

हे त्यांच्या सोयीसाठी नव्हतं, हे लिहितानाच कळतंय.


२४ सप्टेंबर

मंगळवार. आज त्या बाईचा फोटो असेल. फोन केला नाही.


२८ सप्टेंबर

मोहर्लीवाल्यांचे लेन्स आले. एक तारखेला जंगलाचं गेट उघडतं, त्याआधी पर्यटकांना भाड्याने द्यायचे सगळे साफ हवेत. अकरा लेन्स. सातांना बुरशी. प्रत्येक काचेला ठिपका दिला. प्रत्येकाला दोनदा. बायको, निशात, चहा घेऊन आली, बराच वेळ उभी राहिली. "ये क्या लगा रखा है? सुबह से एकच काच को टीका लगा रहे हो, जैसे नजर उतार रहे!"

तिला काही सांगितलं नाही.


९ ऑक्टोबर

डोमाजींचा फोन आला. मीच उचलला.

भागीरथाबाई गेली म्हणाले. जिचा मंगळवारी फोटो काढला ती. चार दिवस झाले. मुलगा धनराज, त्याने फोटो फ्रेमीसाठी मोठा करायला चंद्रपूरला टाकला, तर चेहरा पुसट. "नाकडोळे दिसतेत, पन धुयल्यासारके. सुनेच्या मोबाईलमंदी बारका पाह्यला तवा कळलंच नाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग ते म्हणाले, आणि हे मी जसंच्या तसं लिहितो — "लेन्स तं तू सफा करून देल्ता. मंग माहाच हात हालला असन. आता हालते जी. उमर झाली."

मी काय म्हणालो?

"होतं असं कधी कधी, डोमाजी."

हे माझे शब्द. एवढेच. वर आणखी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

फोन ठेवल्यावर दुकानात एकटाच होतो, तरी कोणी बघतंय असं वाटून शटर अर्धं ओढून घेतलं.


१० ऑक्टोबर

त्यांचा हात हलत नाही. त्या दिवशी काच दाराशी धरली होती तेव्हा मी पाहिला होता. दगडासारखा स्थिर.


१४ ऑक्टोबर

आज धनराज आला. भागीरथाबाईचा मुलगा. तेरवी चार दिवसांवर. चंद्रपूरच्या लॅबने हात वर केले, कोणीतरी सांगितलं बल्लारशाला नईमभाऊ आहे, तो करेल काही. माझ्याकडे! चाळिशीचा असेल. केस काढलेले. धानाच्या बांधावरून थेट निघालेला दिसला, पायजम्याला चिखल तसाच.

प्रिंट पुढ्यात ठेवली.

म्हातारी खुर्चीवर बसलेली. हिरवं लुगडं, गळ्यात एकच पोत. हात मांडीवर, जसे ठेव म्हणून सांगितले तसे. बसायची मुद्रा इतकी सरळ की मला माझी अम्मी आठवली. आणि चेहरा — जणू ओल्या बोटाने कोणी हलकेच पुसला. डोळे आहेत, पण बघत नाहीत. मागे मातीची भिंत, तिच्यावर सारवणाच्या पोचाऱ्याचे हात फिरल्याच्या रेघा, खुंटीला अडकवलेलं सूप. सुपाच्या कामट्या मोजून घ्याव्यात अशा. एवढं सगळं आलंय, फक्त तिचाच चेहरा नाही.

"होते का जी काही? कम्प्युटरवर?"

"नाही होत, भाऊ. जे आलंच नाही ते आणायचं कुठून?"

त्याने प्रिंट स्वतःकडे ओढली. मग एकदम चिडला. माझ्यावर नाही! "तीन दिवस माय मणत होती, डोमाजीले बलाव, डोमाजीले बलाव. मी मटलं मोबाईलनं काढतो. नाई मणे! डोमाजीच पायजे! अन् बुढ्यानं हे काढलं. पूर्‍या गावासमोर बोललो मी त्याले. मटलं, तुमाले जमत नाई तं घरी बसा ना जी, लोकाइच्या मायचा कायले सत्यानास करता!"

"काय म्हणाले डोमाजी?"

"काय मणतीन? खाली मुंडी घालून उभे राह्यले."

या क्षणी बोलायला हवं होतं. तो समोर होता, प्रिंट समोर होती, दुकानात तिसरं कोणी नव्हतं. मी त्याला पाणी दिलं. प्रिंट पुन्हा लिफाफ्यात नीट घालून दिली. लिफाफ्याचा कोपरा दुमडला होता तो सरळसुद्धा केला.

तो म्हणाला, "तुमी तरी चांगलं बोलता, भाऊ."


१५ ऑक्टोबर

बीएस्सीला फिजिक्स होतं माझं. काच उलटी बसली की काय होतं हे मला समीकरणासकट माहीत आहे. भिंगाचं सूत्र पाठ असलेला माणूस एक वाक्य बोलू शकत नाही.


२१ ऑक्टोबर

काही नाही. कागदमिलचा वास आज फार. दोन लेन्स. ठिपके दिले.


२ नोव्हेंबर

दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला डोमाजींचा फोन. दरवर्षी येतो, अब्बा होते तेव्हापासून. या वेळी येणार नाही असं वाटलं होतं. आला.

"नईमभाऊ, एक काम होतं जी. तुह्याकडे मोहर्लीचे लोक येतेत. माहा कॅमेरा अन् तो लेन्स, कोनी घेईन का?"

"विकायचा?"

"मंग काय करू? खुटीवर टांगला हाय. येता-जाता दिसते. दिसला का धनराजच्या मायची आठोन येते. मले नाई पाह्यवत." मग हसले. "लेन्स सफा हाय मणून सांगजो. नईमनं सफा केला मणजो. तुह्या नावानं भाव येईन!"

निशात बाजूलाच भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं नाही, नुसती बघत राहिली. मग मी सगळं सांगितलं. ठिपक्यापासून. सांगताना मी स्वतःला बरंच लागेल असं बोललो — मी नालायक, मी अब्बांचं नाव घालवलं, मला तोंड दाखवायला जागा नाही.

ती ऐकत राहिली. देठं वेगळी, पानं वेगळी. शेवटी म्हणाली, "डेढ़ महीने से ये लेके बैठे हो? पूरी शरम में तुमच तुम हो. वो बुड्ढा किधर है उसमें?"

राग आला मला. अजून आहे.


५ नोव्हेंबर

गेलो. सकाळची बस धरली. वाटेत वाक्य पाठ करत होतो: डोमाजी, चूक माझी आहे, तुमची नाही. डोमाजी, चूक माझी आहे.

गोंडपिपरीला बस दहा मिनिटं थांबली. चहा प्यायला उतरलो. कंडक्टरने दोनदा हाक मारली — "ओ चामोर्शी! बसा ना जी!" मी कप हातात धरून दुसरीकडे बघत उभा राहिलो, जणू तो दुसऱ्याच कोणाला बोलावतोय. बस गेली. मी परतीची पकडली.

निशातने विचारलं, "मिले?" मी म्हणालो, घरी नव्हते.

आता हेही एक.


६ नोव्हेंबर

तिला सकाळी खरं सांगितलं. ती म्हणाली, "मालूम था. मिट्टी नहीं लगी थी जूतों को." गोंडपिपरी सोडून आष्टीच्या पुढे गेलं की रस्त्याला खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ असते. माझे बूट स्वच्छ होते.


१२ नोव्हेंबर

सांगून आलो.

लिहायला बसलो आणि हात हलका वाटतोय. ते खरं, पण जसं झालं तसं लिहितो, हलकेपणाने रंग नको चढायला.

या वेळी गोंडपिपरीला खिडकीशी बसून राहिलो, दोन्ही हात समोरच्या सीटच्या दांडीला धरून. शेजारच्या बाईने विचारलं, "भोवळ येऊन राह्यली का जी तुमाले?"

डोमाजी अंगणात होते. खाटेवर बसून लाखोळी निवडत होते. सुपात दाणे, आणि सूप इतकं डोळ्यांजवळ धरलेलं की जणू दाण्यांचा वास घेतायत. मी जवळ गेलो तरी वर बघितलं नाही. "कोन हाय?" विचारलं. आवाजावरून ओळखलं. "अरे! नईमभाऊ! सूनबाई, पानी आन, बल्लारशाहून पाव्हना आला!"

पाणी प्यायच्या आधी बोललो. पाणी प्यायलो असतो तर चहा आला असता, चहा आला असता तर मी परत आलो असतो.

सगळं सांगितलं. ठिपका नाही दिला. काच अंदाजाने बसवली. तपासली नाही. फोन केला नाही. तुम्ही हात हलला म्हणालात तेव्हा मला माहीत होतं की तो हलत नाही, आणि मी 'होतं असं कधी कधी' म्हणालो. धनराज माझ्याकडे आला होता, त्यालाही सांगितलं नाही.

डोमाजींनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या.

"मंजे… माहा हात नाई हालला?"

"नाही."

"माही चूक नोयती?"

"नाही, डोमाजी. माझी होती."

ते उभे राहिले. आणि नाचले! नाच नव्हे तो, पण अंगणात अशी दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. "सूनबाई! आयकलं का वो! माहा हात चांगला हाय! मी मणत होतो ना! महिनाभर मी रातीले भिताडाले हात लावून पाहून राह्यलो का हालते का! नाई हालत! मले वाटे, मंग मलेच समजत नसन!"

सून दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, त्या नजरेचं मी काही लिहीत नाही.

मग म्हणाले, "चाल."

"कुठे?"

"धनराजकडे. पूर्‍या गावासमोर बोलला मले. तू त्याच्यासमोर सांग."

हे मी धरलं नव्हतं. एका माणसाला सांगायची तयारी करून गेलो होतो. पण चाललो मागोमाग. वाटेत ते भेटेल त्याला थांबवत होते — "हा नईमभाऊ! बल्लारशाचा! काच उलटी बसोली होती यानं! मी नाई, यानं!" लोक माझ्याकडे बघायचे. एक जण म्हणाला, "मंग हार घाला ना जी याले!" हशा झाला. डोमाजीही हसले. माझे कान तापले होते, आणि तरी बरं वाटत होतं. जसं दुखऱ्या दातावर जीभ दाबल्यावर वाटतं.

धनराज धानाचे भारे उतरवत होता. अंगावर कूस चिकटलेलं. ओसरीत भिंतीला तीच फ्रेम. दुसरा फोटोच नव्हता तिचा, तोच लावला. हार वाळलेला. मी फ्रेमीकडे पाठ करून उभा राहिलो. मग लाज वाटली आणि तोंड तिच्याकडे करून सांगितलं.

धनराजने पूर्ण ऐकलं. भारा खाली टाकला. डोमाजींच्या पाया पडला. खरंच पडला, वाकून. "माफ करजा जी. मी लय बोललो." डोमाजींनी त्याला उठवलं, पाठीवर थाप मारली.

मग तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. "तुमी मले पानी देल्लं त्या दिवशी. देल्लं ना? आता सांगून काय करू, भाऊ? माय परत बसते का खुर्चीवर?"

मी फ्रेमीसमोर तसाच उभा राहिलो.

निघताना डोमाजींनी खुंटीवरचा कॅमेरा काढून लेन्स माझ्या हातात ठेवला. "बरोबर बसवून दे. घाई नाई. पन लवकर दे!" आणि वर नवा तांदूळ, पिशवीभर. मी नको म्हणालो. "तुह्या अब्बालेही देत जाय मी. काऊन नाई घेत?" बसमध्ये ती पिशवी मांडीवर होती. दगड असता तर बरा होता.


१३ नोव्हेंबर

आज लेन्स खोलणार होतो, दिवसभर आभाळ. उजेडाशिवाय या काचेला हात लावायचा नाही असं ठरवलंय. अब्बांनी हा लेन्स एकदा खोलला होता म्हणे, मी शाळेत होतो तेव्हा. डोमाजी काल सांगत होते. म्हणजे काठावर अब्बांचा ठिपका असणार की! त्या दिवशी मी काठ पाहिलाच नाही. घाईत काठ कोण पाहतं? असेल तर तो माझ्याकडे उलटा बघत असेल.

निशातने नव्या तांदळाचा भात केला. खाल्ला. चव लागली, खूप दिवसांनी.


१४ नोव्हेंबर

डोमाजींचा फोन. आवाज दहा वर्षांनी लहान झालाय.

बातमी गावभर झाली, आजूबाजूच्या दोन गावांतही गेली. बाजाराच्या दिवशी पाच जणांचे फोटो ठरलेत. एक नव्वदीचे आजोबा आहेत, एक नवरा-बायको आहेत ज्यांना एकाच फ्रेमीत यायचंय. आणि धनराजचा सासरा, कमजोर आहे, त्याला बैलगाडीतून आणणार. धनराजनेच ठरवलंय! "त्यानं सोताहून मटलं जी, डोमाजीनंच काढावं. आता सांग, लेन्स कदी देतं?"

"परवा. नक्की."

"या बारीले तपासून देजो, बरं!" आणि मोठ्याने हसले. मीही हसलो. माफ केलेल्या माणसासारखा.

निशातला म्हटलं, बघ, तू म्हणत होतीस म्हातारा कुठे आहे. तो बघ, उभा राहिला.

ती म्हणाली, "अच्छा हुआ." आणि भांडी आवरायला लागली.


१५ नोव्हेंबर

दहा वाजता, चांगल्या उन्हात खोलला. काठावरचा मळ स्पिरिटने काढला. भिंगाखाली धरला. अब्बांचा ठिपका आहे. खसखशीएवढा, पिवळा पडलेला. पुढच्या बाजूला.

काच बरोबर बसलेली होती. पहिल्यापासून.

तशीच परत बसवली, समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्र लावलं. सगळा मजकूर, छोट्या जाहिरातींसकट, अक्षर न् अक्षर वाचता येतं.

आणि सुपाच्या कामट्या! भागीरथाबाईच्या मागच्या भिंतीवरचं सूप. कामट्या मोजता येत होत्या. काच उलटी असती तर काहीच लख्ख आलं नसतं, ना चेहरा ना भिंत. फोकस म्हातारीवर नव्हता, तिच्या मागे भिंतीवर होता. हे मी त्या प्रिंटमध्ये पाहिलं होतं. पाहिलं, आणि माझ्याच चुकीकडे बघत बसलो. डोमाजींनी काच दाराशी धरून "मले तं सफा दिसते" म्हटलं, मी हसलो. सूप डोळ्यांना लावून लाखोळी निवडत होते, मी पुढे होऊन माझंच सांगत सुटलो.

बाजार परवाच आहे. पाच जण नवे कपडे काढून ठेवत असतील.

उद्या पहिल्या बसने चामोर्शी. आधी त्यांच्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरचं विचारून ठेवतो. या वेळी सांगायचंय ते माझं नाही.